बापट साहेब आणि जमिनीचे मालक

आम्ही जुने रजिस्ट्रीवाले एकत्र बसलो की पोहे हमखास थंड होतात. एक किस्सा निघाला की त्याच्या मागे दुसरा येतोच!

गिरण्या बंद पडत होत्या, तेव्हा मी इंदूरच्या रजिस्ट्री ऑफिसात बाबू होतो. शहराबाहेरच्या शेतांच्या कॉलन्या होत होत्या. घेणाऱ्याला विकणाऱ्यावर शक, विकणाऱ्याला घेणाऱ्यावर. आमच्या बापट साहेबांना दोघांवर!

* * *

देपालपूरचे एक शेतकरी प्लॉट घ्यायला आले. अंगठ्यासाठी शाईचं पॅड घरून घेऊन!

"साहेब, तुमची शाई उडून गेली तर?"

"आणि तुमची उडाली तर?" साहेब म्हणाले.

शेवटी शेजारच्या पोस्टातून पॅड मागवलं.

* * *

कांबळेकाका गिरणीत फिटर. गिरणीच्याच चाळीत राहायचे.

"मॅनेजर बोलतो, मशीन दुरुस्तीसाठी बंद आहे. मग लोक फीता घेऊन आमचं अंगण का मोजतायत? मशीन अंगणात आहे क्या?"

मी रजिस्टर काढलं. चाळीची जमीन महिन्यापूर्वीच विकली गेली होती. कागदावर लिहिलं होतं, 'रिकामी जमीन'.

काका बराच वेळ त्या दोन शब्दांवर बोट ठेवून होते. "बावीस घरं आहेत, भिया. माझी आई तिथेच गेली."

साहेबांनी त्याच दिवशी नक्कल दिली. आमच्या ऑफिसात असं पहिल्यांदाच घडलं! त्या नकलेवर चाळीला कोर्टाचा स्टे मिळाला.

* * *

एक बहिरे आजोबा पुतण्याबरोबर घर विकायला आले. साहेबांनी विचारलं, "राजीखुशीने विकताय ना?"

पुतण्याच बोलला, "हो जी, एकदम राजी!"

साहेबांनी तोच प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून आजोबांसमोर धरला. आजोबा दचकले.

"विकतोय? हा तर म्हणाला, पेन्शन वाढणार!"

वळून बघतो तर पुतण्या गायब. चपला दारातच!

* * *

आणि एका दुपारी एकच प्लॉट विकायला दोन मालक हजर! दोघंही रमेश, दोघांचेही वडील मांगीलाल. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून "नकली! नकली!" ओरडत होते. साहेबांनी सह्या करवल्या. सह्याही सारख्या!

"बरं, प्लॉटवर काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"कडुलिंब," पहिला म्हणाला.

"काही नाही, साफ मैदान," दुसरा म्हणाला.

साहेबांनी चपराशी रामसिंगला सायकलवर पाठवलं. तासाभराने तो घाम पुसत परतला.

"साहेब, वहां तो मकान बन रहा है. एक जण भिंतीवर पाणी मारतोय."

"नाव विचारलंस?"

"विचारलं ना, साहेब. रमेश मांगीलाल."