आबांच्या क्लॅरिनेटचा खर्च

दुपारची भाकरी जरा जास्तच झाली आहे आणि दशरथ जावीर चटई टाकून आडवा झाला आहे. झोप लागली म्हणावं तर पलीकडच्या खोलीत प्राजू इंग्रजीचे शब्द पाठ करतेय ते ऐकू येतंय, जागा म्हणावं तर हात उचलवत नाही. प्राजू त्याची मुलगी, बारा वर्षांची. लहानपणापासून तिला दमा आहे, म्हणून दर चार शब्दांनंतर ती थांबते, छाती भरून घेते आणि पुढं जाते. दशरथचं निम्मं लक्ष कायम त्या थांबण्यावर असतं.

उरलेलं निम्मं मिरजेला आहे. वडिलांची, म्हणजे आबांची क्लॅरिनेट आठ दिवसांपूर्वी त्यानं वाद्यं दुरुस्त करणाऱ्या याकूबभाईंच्या कारखान्यात टाकली आहे. चाव्यांखाली भोकं झाकणारी सगळी पॅड नवी, बुचं नवी, चाव्यांच्या स्प्रिंगा नव्या, लाकडाला गेलेली चीर भरायची, अशा पुऱ्या ओव्हरहॉलिंगचे चौदा हजार सांगितलेत. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं बायको म्हणाली, आणि ती काही खोटं बोलत नाही. पण बँडवाल्याचं वाद्य मुकं झालं की घरची चूलही मुकी होते, आणि तुळशीचं लग्न तोंडावर आलंय.

पलीकडं प्राजू थांबते. या वेळी जरा जास्तच थांबते.

"कितीला पडलं रं?"

आबा विचारतायत. ते याकूबभाईंच्या जागेवर, याकूबभाईंचा चष्मा लावून बसले आहेत. आबांना जाऊन तीन वर्षं झाली, हे दशरथला पक्कं ठाऊक आहे, खांदा त्यानंच दिलाय. पण बाप समोर बसलेला असताना असलं काही विचारायचं कसं? तो आपला चपला काढून दाराशी उभा राहतो.

"चौदा हजार, आबा."

"हं." आबा एक चावी सोडवतात आणि फडक्यावर ठेवतात. मग आणखी एक, मग आणखी एक. एवढ्या चाव्या क्लॅरिनेटला नसतात. शेजारी जुन्या पॅडचा ढीग आहे. आठ दिवस कुणी फुंकलेलं नाही, तरी पॅड ओली आहेत.

"ही माजी हवा," आबा म्हणतात. "चाळीस वर्साची. समदी काढून टाकाय सांगितलीस."

"पॅड गळत हुती, आबा. सूर लागत न्हवता."

"बेस केलंस. करायलाच पायजे."

ते तोंड मिटून हसतात. जिवंतपणी आबा कधी असे हसले नाहीत.

वरात विट्याच्या पेठेतून चालली आहे. पुढं ढोल, मागं ट्रम्पेट, सगळ्यांचे गाल फुगलेले, काठ्या खालीवर होतायत आणि आवाज कुठंच नाही. घोड्यावर नवरदेव नाही. बँडचा लाल कोट घालून आबा शेजारनं चालतायत.

"मीबी एकदा असंच करून घेतलं हुतं," ते म्हणतात. "तू चार वर्साचा हुतास. बाराशे पडले."

"मला न्हाई आठवत."

"सुमी आठवती?"

सुमी दशरथची थोरली बहीण. घरात तिचा एक फोटो होता, दोन वेण्या आणि रिबिनी. ती तापानं गेली एवढंच त्याला सांगितलेलं, आणि त्यानंही कधी पुढं विचारलेलं नाही.

"वाद्य घरी आनलं आन् आठव्या दिशी ती गेली. छाती भरली, म्हनला डॉक्टर." आबा बाजारभाव सांगावा तसं सांगतात. "नवी पॅड बसली की वाद्य कोरडं असतंय, दशरथा. आदी ते पोटभर हवा घेतंय. घरातल्या कुनाची तरी. बाराशे कारागिराचे झाले. ही हवा वाद्याची मजुरी."

दशरथला भीती वाटते. सरळ साधी भीती, अंधारात चुकलेल्या लहान पोराला वाटते तशी. त्याला मागं फिरायचं आहे, पण मागून वरात ढकलतेय, आणि रस्ता संपून सरकारी दवाखान्याचा व्हरांडा लागला आहे. खाटेवर एक पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली आहे. दोन वेण्या. ती चार इंग्रजी शब्द म्हणते आणि थांबते.

"माजी घ्या की," दशरथ म्हणतो. "वाजवनार तर मीच हाय."

"तुज्यात काय ऱ्हायलंय? तमाकूनं खाल्लं समदं." आबा खाटेकडं बघतायत. "कोऱ्या वाद्याला कोरी हवा लागती."

मेलेलं माणूस स्वप्नात काही देऊन गेलं तर पदर पसरून घ्यावं, मागायला आलं तर नाही म्हणावं, तीनदा म्हणावं, असं आई सांगायची. दशरथला ते आठवतं. तो तोंड उघडतो.

पण आबांच्या हाताखाली शिकणाऱ्याला एकच उत्तर ठाऊक असे. आबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत 'व्हय आबा' म्हणायचं, ते काय म्हणाले हे मागाहून कळलं तरी चालेल. उशीर केला तर पाठीत रट्टा. दशरथ सेहेचाळीस वर्षांचा झाला, बापाला नाही म्हणायचं त्याला शिकवलेलंच नाही.

आबा अगदी जवळ येतात. अंगाला लाकडाच्या तेलाचा वास येतो.

"पोरीला मी शिकीवतो," ते मायेनं म्हणतात. "धाड माज्याकडं."

"व्हय आबा."

नाही म्हणायला उघडलेल्या तोंडातून ते निघून जातं. आबा समाधानानं मान हलवतात.

"न्हाई," दशरथ ओरडतो, "न्हाई, न्हाई," पण तोवर तो चटईवर उठून बसलेला आहे. ऊन तिरपं झालंय. पलीकडचं पाठांतर थांबलंय.

"प्राजू."

उत्तर येत नाही. तो भिंतीला धरून उठतो, आणि तेवढ्यात ती दारात येते, डोळे चोळत. दशरथचा जीव भांड्यात पडतो.

"पप्पा, ओठ दुखतोय," ती म्हणते. "पुस्तकावरच झोप लागली हुती. उठले तवापासनं दुखतोय."

तो तिला उजेडात आणतो आणि तिचा खालचा ओठ अंगठ्यानं उलटा करतो. आत सहा दातांची ओळ उमटलेली आहे, सरळ, खोल आणि ताजी. माउथपीस धरताना खालचा ओठ दातांवर दुमडावा लागतो, आणि नवशिक्यानं तासभर फुंकलं की दात असे रुततात. दुसऱ्या कशानं असे रुतत नाहीत. प्राजूनं जन्मात वाद्याला तोंड लावलेलं नाही. दशरथनंच लावू दिलेलं नाही.

तो रक्त पुसतो. ओळ पुन्हा भरून येते.

"वाद्य कवा आननार, पप्पा?" प्राजू विचारते.