बाकावरचा मुडदा

आमचे शेजारी, चर्चचे पाळकसाहेब, सेमिनरीत होतकरू धर्मगुरूंना दफनविधी शिकवत. सरावाला मुडदा लागे, म्हणून दरवर्षी मला नेऊन बाकावर आडवं करत. एखादा विद्यार्थी माझ्याबद्दल 'फार दयाळू होते' म्हणाला, की साहेब टेबलावर हात आपटत. "थांब गा! खोटं काहून बोलून राहिला? माह्या शेजारी राहते हा. मले माहीत आहे." मी गप्प पडून राही. मुडद्यानं बोलायचं नाही, हा नियमही त्यांचाच.

निवृत्तीच्या दिवशी ते स्वतःच बाकावर आडवे झाले. विद्यार्थ्यांनी तोंड भरून स्तुती केली. साहेबांनी एकदाही अडवलं नाही. सगळे आमेन म्हणाले, तरी ते उठेनात. मी घाबरून खांदा हलवला.

"एक जण राहिला," ते डोळे मिटूनच म्हणाले.

"कोण?"

"तू. माह्या शेजारी तूच राहतं ना गा?"