बाबांचं सिनेमातलं एक वाक्य

बाबा जव्हारच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. माईकवरून गाड्या पुकारायचे. गावात त्यांना चेहऱ्यापेक्षा आवाजावरून ओळखणारे जास्त.

मी कॉलेजात असताना एक मराठी सिनेमावाले आमच्या भागात शूटिंगला आले. खुनाचा सिनेमा होता. मुंबईतला एक माणूस भागीदाराला मारून डोंगरात लपायला येतो, त्याची शेवटची गाडी चुकते आणि तो एका बाईच्या घरी आसरा घेतो, अशी गोष्ट. स्टँडवरच्या प्रसंगासाठी त्यांनी बाबांनाच उभं केलं. नट विचारणार, "खोडाळ्याची गाडी गेली का?" आणि बाबांनी म्हणायचं, "गेली. आता उद्या सकाळी." एवढंच.

सिनेमा ठाण्यात आठवडाभरसुद्धा टिकला नाही. बाबा रजा काढून बघायला गेले, तर दारावर दुसरंच पोस्टर. तसेच परत आले, जेवले आणि झोपले. पुढे त्या सिनेमाची कॅसेट निघाली नाही की टीव्हीवर तो लागला नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. मी रडले नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची. तसं काही नव्हतं. मला काही होतच नव्हतं. दाखले काढले, दहावं-तेरावं केलं, शाळेत रुजू झाले, मुलांच्या वह्या तपासल्या. अजूनही तसंच चाललंय. जेवणाला चव लागते, पण आवडलं की नाही ते सांगता येत नाही.

या उन्हाळ्यात बाबांच्या मोबाईलवर एक फोन आला. तो फोन मीच चार्ज करून ठेवते, का ते विचारू नका. पलीकडे त्या सिनेमाचा तेव्हाचा सहायक दिग्दर्शक होता. म्हणाला, "काकांना सांगा, आपल्या सिनेमाची डीव्हीडी निघतेय. जुने सिनेमे जपणारी काही मंडळी आहेत, त्यांनी प्रिंट साफ करून घेतलीय. कापलेले तुकडेही टाकलेत."

बाबा गेल्याचं मी सांगितलं. मग त्याने पत्ता मागितला.

डीव्हीडी आली, पण लावायची कशावर? घरात प्लेअर नाही. शाळेच्या लॅपटॉपला ती घालायची जागाच नाही. शेवटी खोडाळ्याला लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ चालवणाऱ्या एका गृहस्थांकडे जुना कॉम्प्युटर असल्याचं कळलं. रविवारी दुपारी मी आईला घेऊन तिथे गेले. त्यांनी आम्हाला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि पंखा आमच्याकडे वळवला.

बाबांचा प्रसंग लवकरच आला. काळे केस, खाकी कपडे, हातात पॅड. नटाने विचारलं. बाबांचे ओठ हलले आणि भलताच जाड, घोगरा आवाज आला, "गेली. आता उद्या सकाळी."

आई खुर्चीत पुढे सरकली. "हा कोण बोलतोय?"

"डबिंग केलंय वहिनी," स्टुडिओवाले म्हणाले. "आवाज दुसऱ्याचा लावतात."

"पण का? ह्यांचा काय वाईट होता?"

त्याचं उत्तर कापलेल्या तुकड्यांत मिळालं. शॉटची पाटी वाजली, नटाने विचारलं आणि या वेळी बाबा स्वतः बोलले. "गेली. आता उद्या सकाळी. पण घाई असेल तर बाहेर काळीपिवळी जीप मिळेल, सूर्यमाळपर्यंत सोडेल."

पडद्याबाहेरून कुणीतरी म्हणालं, "काका, फक्त पहिलं बोला. त्याला गाडी मिळायला नको."

"बरं," बाबा म्हणाले. पुन्हा पाटी. "गेली. आता उद्या. जीप आहे पण."

असं पाच वेळा. शेवटच्या वेळी दिग्दर्शकाने हात जोडले. बाबा अवघडून म्हणाले, "साहेब, उभी आहे हो जीप समोर. पॅसेंजरला नाही कसं सांगू?"

आई हसायला लागली. पदर तोंडाला लावून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. मग नुसतं पाणीच येत राहिलं. स्टुडिओवाल्यांनी तांब्या पुढे केला.

मी बाबांच्या शर्टाचं वरचं बटण बघत होते. ते उघडं होतं. आवाज ओळखीचा होता, अगदी तोच. आता काहीतरी होईल म्हणून मी वाट बघितली. मांडीवर हात ठेवून बसले. काही झालं नाही. मागे नवरा-नवरीच्या फोटोसाठी लावलेला निळा पडदा पंख्याने हलत होता.

"परत लावू?" त्यांनी विचारलं.

"लावा," आई म्हणाली.

त्यानंतर आई दर रविवारी खोडाळ्याला जायला लागली. मी सोबत जाते आणि बाहेरच्या बाकावर बसते. हल्ली ती पहिल्यापासून सगळा सिनेमा बघते. परवा परतीच्या गाडीत तिने मला शेवट सांगितला, कोण कुणाला फसवतं, ती बाई काय करते, सगळं. मी हो हो म्हणत होते. घरी आल्यावर तिने विचारलं, "मग तुला काय वाटतं, तिने बरोबर केलं का?"

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. मी म्हटलं, "परत एकदा सांग."

ती स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरता चिरता पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.