वाटूरला न ठेवलेला हात

गुडघ्याला चोळायला सुनेनं एरंडेल गरम केलं, ते जरा करपलं. वाटी पुढं करून ती म्हणाली, "मामा, हात लावून बघा, लई गरम न्हाई ना?" त्या वासानं आणि त्या शब्दांनी मी थेट निजामाच्या राज्यातल्या वाटूरच्या रस्त्यावर जाऊन पडलो.

तेव्हा मी जालन्यात एका जागीरदारांची वेगवान मोटार चालवायचो. मागच्या दोन चाकांमध्ये दातेरी चक्रांचा लोखंडी गोळा असतो, डिफ्रन्सल. त्यात कोणतं तेल घालायचं ते जागीरदारांच्या पदरचे करीममिस्त्री ठरवायचे. थंडीत पातळ, उन्हाळ्यात घट्ट एरंडेल. निघताना बजावायचे, "वाटूरला थांब, गोळ्यावर हात ठेव. ठरला, म्हंजी चटका न बसता टिकला, तर बराबर. न्हाई ठरला तर गाडी सावलीत लाव. पाणी बिलकुल मारू नको."

त्या दुपारी जागीरदारांना पाहुण्यांपुढं वेग दाखवायचा होता. मलाही चेव आला. मी वाटूरला थांबलोच नाही. परतूरच्या अलीकडं गोळा किंचाळला, दाते तुटले, करपलेल्या एरंडेलाचा धूर निघाला.

"तेल कुणी निवडलं?" जागीरदारांनी विचारलं.

"करीममिस्त्रींनी," मी म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना काढून टाकलं. हत्यारांची पेटी घेऊन ते माझ्यापाशी आले. "वाटूरला हात लावून पाह्यल्ता का?"

"लावल्ता, चाचा. ठरल्ता बराबर."

ते कितीतरी वेळ आपल्या तळव्याकडं बघत राहिले. "मंग तेल माझंच चुकलं," म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कुणाच्याच मोटारीचं तेल निवडलं नाही, असं ऐकलं.