एक जानेवारीच्या बायका

"इससे क्या पूछते हो? ये तो खुद एक जून वाली है।"

गुरुग्रामच्या ऑफिसात, भर मीटिंगमध्ये, आमचा हेड माझ्याकडे बोट दाखवून हे बोलला. कोणाला काही कळलं नाही. मग त्याने समजावून सांगितलं. "हमारे महाराष्ट्र में जिनके माँ-बाप को जन्मतारीख पता नहीं होती, उनकी मास्टर एक जून लिख देता है। आधी बस्ती का बर्थडे एक ही दिन।"

सगळे हसले. तो पुण्याचा, मीही पुण्याची. एवढ्या लोकांत माझ्या जन्मतारखेचा अर्थ फक्त त्याला ठाऊक होता, आणि तो त्याने वाटून टाकला.

मी एवढंच म्हटलं होतं की ज्यांची तारीख अंदाजे टाकली आहे, त्यांच्या नोंदी सॉफ्टवेअरने आपोआप जोडू नयेत. आम्ही हॉस्पिटलांसाठी पेशंटच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर करतो. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या तर ते त्यांची एक करतं. नाव, जन्मतारीख आणि फोन जुळला की माणूस एक, हा हेडचा नियम. तारीख माहीत नसेल तर वयावरून वर्ष काढायचं आणि एक जानेवारी टाकायची, हाही त्याचाच.

मला लाज वाटली. वाटायला नको होती, पण वाटली. माझी आई बांधकामावर विटा वाहायची. माझा जन्म तिला चांगला आठवत होता. गणपतीच्या आधी, स्लॅब भरला त्याच्या दुसऱ्या दिवशी. मास्तरांनी तिचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

हेडला मात्र स्वतःच्या मुलाच्या जन्माचं मिनिटसुद्धा पाठ. पत्रिका करायची होती ना. हा माणूस इथल्या गणेशोत्सवात झब्बा घालून मराठी अस्मितेवर भाषण ठोकतो. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्याने "मूळचे कुठले?" विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर पुन्हा कधी घरचं काही विचारलं नाही. असल्या माणसाला मी सर म्हणत होते.

नियम पास झाला. काही महिन्यांनी पानिपतच्या एका हॉस्पिटलातून तक्रार आली. तिथे जुन्या कपड्यांचं सूत करणारे कारखाने आहेत. एका कारखान्यात चिंध्या निवडणाऱ्या दोन बायका, दोघींचं नाव सुनीता देवी. दोघी अंदाजे पस्तिशीच्या, म्हणून दोघींना तीच एक जानेवारी. दोघींचा फोन ठेकेदाराचा. सॉफ्टवेअरने दोघींची एक बाई केली. एकीला एका इंजेक्शनची ॲलर्जी होती, दुसरीला नव्हती. नंतरची नोंद खरी धरली गेली आणि ॲलर्जी पुसली गेली. पहिली सुनीता ताप आला म्हणून भरती झाली. तिला तेच इंजेक्शन दिलं. श्वास कोंडला, आयसीयूत गेली. वाचली, ती तिथल्या नर्समुळे.

चौकशीला मला पाठवलं. निघताना हेड म्हणाला, "पानिपतावर चाललीस? आपलं तिथलं रेकॉर्ड काही बरं नाही हं." त्याला हा विनोद वाटला.

सुनीता पलंगावर बसली होती. काय झालं ते मी तिला सांगितलं.

"दूसरी सुनीता तो हमसे एक हाथ लंबी है, मैडम। कोई आँख उठाके देखता तो पता चल जाता।"

कोणी पाहिलं नव्हतं. काउंटरवर नाही, वॉर्डात नाही, आणि गुरुग्रामच्या एसीत तर नाहीच. परतताना गाडीत मला कोणाचीच लाज वाटत नव्हती. राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त किळस.

रिपोर्ट हेडने आधीच लिहून ठेवला होता. कारण: रुग्णाने दिलेली अपुरी माहिती. खाली माझी सही हवी होती. मीटिंगमध्ये सगळे बसले होते. मी पेन उचलत नाही हे पाहून तो मराठीत आला, एकदम गोड आवाजात.

"सही करून टाक ना. आपल्या दोघांत राहील. बाई वाचली ना? पुढच्या महिन्यात तुझं प्रमोशनही बघू."

मी सगळ्यांकडे वळले आणि हिंदीत सांगितलं, "सर कह रहे हैं कि साइन कर दो, बात हम दोनों में रहेगी, प्रमोशन भी देखेंगे। मैं साइन नहीं करूँगी।"

कोणी हसलं नाही. हेडचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मला तो पाहण्यात रस उरला नव्हता.

त्याच दुपारी मी माझा रिपोर्ट हॉस्पिटलला पाठवला. नियम काय होता, कोणी केला, हरकत कोणी घेतली, हरकतीवर काय उत्तर मिळालं. उत्तर शब्द न शब्द लिहिलं.

प्रमोशन गेलं. माझ्याशी कोणी चहा पीत नाही. नोकरीही जाईल बहुतेक. पानिपतच्या दोन्ही सुनीता मी वेगळ्या केल्या, पण तो नियम अजून दुसऱ्या हॉस्पिटलांत चालू आहे, आणि तिथे किती बाया एकमेकींत कोंबल्या आहेत ते कोणी मोजलेलं नाही. मी मोजणार आहे. हेडची माफी मला नको, ती त्याने जवळ ठेवावी. नियम मागे घेतल्याचं मला लेखी हवं आहे, आणि ते हातात येईपर्यंत मी प्रत्येक हॉस्पिटलला लिहीत राहणार, नोकरीत असेन तर आतून आणि हाकललं तर बाहेरून.