बिनखोडीचे दाजी

माझा स्वभाव संशयी. बैलबाजाराच्या तोंडाशी चहाची टपरी टाकल्यावर माणूस दुसरा काय होणार? बाजाराचा एक नियम आहे : बैलाची खोड विकणाऱ्यानेच आधी सांगायची. 'लाथ मारतो', 'चढाला बसतो', असं मालक मोकळेपणाने बोलला की गिऱ्हाईक निर्धास्त होतं. 'काहीच खोड न्हाई' म्हणणाऱ्याच्या बैलाभोवती मात्र ते फेऱ्यांवर फेऱ्या मारतं.

या बाजारात मुंजाजी दाजींइतका तोंडाळ दलाल दुसरा नव्हता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, छबुबाईचे मालक; राहणार नांदूरघाट. सौदा इकडे आणि आवाज पार वेशीवर. शिव्या सढळ, हसणं गडगडाटी, चहाचा भुरका चार टपऱ्यांना ऐकू जाणारा. असा माणूस दिवाळीनंतर अचानक सुधारू लागला आणि माझी झोप उडाली.

आधी तंबाखू सुटली. मग आष्टीला कुण्या सरांच्या 'स्वतःला घडवा' शिबिराला गेले, तिथून हळू बोलणं शिकून आले. मोबाइलवर कुणीतरी सांगे, रोज कालच्यापेक्षा चांगले व्हा. दाजी कानात वायर घालून मान डोलवत. मिशी कातरली. भुरका बंद. गिऱ्हाइकाला 'का बे' ऐवजी 'नमस्कार, बसा' म्हणू लागले, तेव्हा एक गिऱ्हाईक बसायचं सोडून निघूनच गेलं. "बैल चोरीचा दिसतोय," असं जाता जाता पुटपुटलेलं मी माझ्या कानाने ऐकलं.

छबुबाई एक दिवस टपरीवर येऊन पदर डोळ्याला लावून बसली. "परवा भाजीत मीठच न्हवतं. आरडायचं सोडून 'छान झालीय' म्हणले. बाहेर काय तर भानगड हाय, न्हाईतर डाकटरनं काय तर सांगितलंय. तू ध्यान ठिव."

पाळत ठेवायला मला कुणी सांगावं लागत नाही. बाजार उठल्यावर एका दुपारी दाजी मागच्या लिंबाकडे निघाले, मी मागोमाग. तिथं बाई नव्हती की डॉक्टर नव्हता. न विकला गेलेला एक म्हातारा बैल होता, आणि त्याच्यापुढे हात जोडून दाजी गोड आवाजात म्हणत होते, "या पाव्हणं. येताना तरास तर झाला न्हाई ना?" बैल रवंथ करत होता.

"दाजी, येड लागलं का काय?"

दाजी दचकले. मग लिंबाखालीच बसकण मारली. "आमच्या पोरीला, सायलीला बघाया आयतवारी पाव्हणं यायलेत. मागलं स्थळ मोडलं ते माझ्या तोंडापायी. त्यांच्यातली एक बाई म्हणलेली मी ऐकलंतं, 'पोरगी सोनं हाय, पण बाप लई तोंडाळ.' माझ्यापायी पुन्ना मोडलं तर पोरीला तोंड कसं दाखवू?"

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तरी मनात आलंच, मोडलेल्या स्थळाचं खरं कारण कधी कुणी सांगतं का?

रविवारी दाजींच्या घरी मीही हजर; युसूफ वडगावचे सुंदरराव बायको आणि मुलाला घेऊन आले. दाजी इस्त्रीचा सदरा घालून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले. 'बरं', 'आपण म्हणाल तसं', याच्या पुढे गाडी जाईना. सायलीने पोहे आणून ठेवले, चहा आणला. सुंदरराव एकदा दाजींकडे बघत, एकदा तिच्याकडे. शेवटी त्यांनी बशी खाली ठेवली.

"मुंजाजी, तुमच्याकडून मी बैल नेलेत. तवा शिवी दिल्याबिगर तुमचा सौदा न्हाई व्हायचा. आज इतकं गोड कावून? खरं सांगा, पोरीत काय खोड हाय?"

दाजींचा श्वास शिबिरात शिकवल्यासारखा सावकाश आत गेला. बाहेर आला तो मात्र शिबिरातला नव्हता.

"खोड? माझ्या पोरीत? ओ पाव्हणं, ती काय दावणीला बांधलीय का? खोड बगायची तर हिकडं बगा! मी तोंडाळ हाय. शिव्या देतो, भुरके मारतो, लगनात रडणार बी मोठ्यानं. लई करून बगितलं, न्हाई व्हत मला हळू! असा इवाई चालत असंल तर बसा, न्हाईतर वाट मोकळी हाय!"

शेजारची डोकी अंगणाच्या भिंतीवर आली. छबुबाईने कपाळाला हात लावला. दाजी भिंतीला टेकले. "मोडलं," म्हणाले, आणि ते खरोखरच हळू म्हणाले.

सायली दारातून पुढे आली. "अप्पा, मागलं स्थळ त्यांनी न्हाई मोडलं. मी त्या पोराला फोन करून न्हाई म्हणले."

"कावून?"

"लगनात बापाला मागं बशीव, तोंड उघडू दिऊ नको, म्हणलं त्यानं."

बैलाचे दात बघावेत तसं दाजींनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस?"

"तुमच्यापाशी खोटं बोलले तर तुमी गाव गोळा कराल."

सुंदररावांनी बशी पुन्हा उचलली. "आता कुठं मुंजाजी बोलले," ते म्हणाले. "आता पोरीला इचारा, आमचं पोरगं चालतंय का."

सायलीने मुलाकडे सरळ बघितलं. "आधी ह्यांना इचारा, अप्पा कुठं बसणार."

"म्होरं," तो पोरगा घाबरत म्हणाला.

दाजींनी डोळे पुसले, पोह्यांचा मोठा घास घेतला, आणि सगळी आळी दणाणली. "छबे! मीठ कुठं हाय ह्यात?"

"आणते की," म्हणत छबुबाई रडत रडत हसली आणि मिठाची वाटी आणायला आत पळाली.