विळा घेऊन सोलर बघायला

दिवाळीचा फराळ संपला आणि डोळखांबच्या मावशीचा फोन आला. "माज्या माळावर कंपनीवाले सोलर लावतो म्हनतात. भाडं देतील. मुरबाडकडं लावलंय, ते मला दाखवून आन. मग काय ते सांगते त्यांना."

मी जात्याच संशयी. दुकानदाराने फुकट दिलेल्या कॅलेंडरवरचं बारीक अक्षरही वाचतो. पृथ्वी वाचवायला निघालेल्यांना दर वेळी गावाकडचीच जमीन का लागते, हा प्रश्न डोक्यात होताच. लगेच हो म्हटलं.

शनिवारी ठाण्याहून स्कूटर काढली. नाशिक हायवेचं काम चालू आहे, तेव्हा पडघ्यापर्यंत धूळ खायची तयारी ठेवा. पेट्रोल शहापूरलाच भरा, पुढे पंपाचा भरवसा नाही. सापगावचा पूल ओलांडला की रस्ता मोकळा होतो. डोळखांबच्या बाजूला माळ वाळल्या गवताने पिवळे झाले होते आणि दोन मिनिटं का होईना, माझा संशय गप्प बसला.

मावशीने नाचणीची भाकरी आणि सुकट वाढली. जेवताना खरी गोष्ट निघाली. माळावरचं काही गवत ती विकते. उरलेलं, त्यात झाडांच्या डहाळ्या आणि शेण, हे सगळं राबाला जातं. पावसाआधी शेताच्या एका तुकड्यावर हे पसरून जाळायचं आणि त्या राखेच्या जमिनीत भाताचं बी टाकायचं, याला राब म्हणतात. माळ गेला तर राब कशाचा करायचा, आणि राब नाही तर भाताची रोपं कुठून आणायची?

"कंपनीच्या माणसाला विचारलंस हे?"

"इचारलं तर. म्हनला, गवत सोलरच्या खाली उगवतंच, तुमीच कापा. वर म्हनतो राब जाळू नका, हवा बिघडते." तिने भाकरी मोडली. "एवढ्या गाड्या जातात हायवेवरनं, त्याला धूर माजाच दिसला."

कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला वाटलंच. किती वर्षांचा करार, मध्येच सोडता येतो का, असं विचारलं की तो माणूस ताकास तूर लागू देत नव्हता म्हणे.

रविवारी मावशीला मागे बसवून किन्हवलीमार्गे मुरबाडकडे निघालो. रस्ता बरा आहे, वळणांवर तेवढं जपा. वाटेत मिसळ खाल्ली, स्वस्त आणि जाळ. पैसे काढताना मावशीची पिशवी माझ्या हातात आली. आत विळा.

"हा कशाला?"

"गवत कापाय. कापून देतात का बघू."

डांबरी सोडून आत वळलो तसं प्रकल्पाचं तारेचं कुंपण दिसलं. आत काळ्या पाट्यांच्या रांगा. मी मोबाइल काढताच फाटकावरचा वॉचमन पुढे आला.

"फोटो नाय काढायचा. जमीन बघाय आलात काय? एजंट?"

आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला, आज कुणी माझ्यावर घेतला. मला राग आला, पण त्याचं चुकलं असंही म्हणता येईना.

मावशीने विळा दाखवला. "मी डोळखांबची. थोडं गवत कापू दे."

"आत नाय सोडत, आजी. गवताला औषध मारतात. वाळलं तर आग लागंल म्हनून."

पाट्यांखालची जमीन खरंच बोडकी होती.

"ज्याची जमीन त्याला तरी सोडतात ना?"

वॉचमनने कोपऱ्यातल्या आंब्याकडे हात केला. "त्या आंब्यापातूर माजीच हाय. मी पन इथनंच बघतो." मग म्हणाला, "पगार टायमावर देतात, खोटं कशाला बोलू."

"आनि लाइट?"

"वायर आमच्या पाड्यावरनंच जाते. लाइट सकाळधरनं नाय."

मावशीने विळा पिशवीत घातला. मी तिला डोळखांबला सोडलं. माळ तिचा होता, म्हणून सल्ला दिला नाही.

ठाण्याला घरी आल्यावर गच्चीवर गेलो. गेल्या वर्षी इथे सोलर बसवायचा विषय निघाला, तेव्हा वाळवणाला जागा उरणार नाही म्हणून सोसायटीने तो मोडीत काढला होता. अख्खी गच्ची उन्हात रिकामी पडली होती.

दोन-चार दिवसांनी मावशीचा फोन आला. माळ द्यायचा नाही, असं तिने कळवून टाकलं होतं. मी शाबासकी द्यायला लागलो, पण ती ऐकत नव्हती.

"तुज्या वळखीत कोन असंल तर बघ. माज्या पडवीवर बसव एक पाटी."

"आता तुलाही सोलर हवं?"

"उनाशी माजं काय भांडन हाय? तेवढी वायर माज्या घरात येल का, ते आदी इचार."